जुन्या कार्डाला वाली मी

४ जानेवारी
कर्लिंग क्लबचा स्कोअरबोर्ड झकास चाललाय. माझा जुना कॉम्प्युटर, त्याहून जुनं ग्राफिक्स कार्ड, वर लिनक्स. गुडघे गेल्यापासून बर्फावर दगड सरकवायचा तो खेळ माझा बंद. या स्क्रीनमुळेच क्लबात मला कोणी विचारतं. अध्यक्षीणबाई इव्हेट म्हणाली, "लॉर्न, नवीन मशीन घेऊ या का रे?" मी नुसता हसलो.

७ जानेवारी
गहजब! या कार्डाला लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सांभाळणारी कोणी ॲनिका इंटरनेटवर सगळ्यांना लिहिते: हे कार्ड अजून कोणी वापरतं का? वापरत असाल तर ड्रायव्हरमधला सोबतचा छोटा बदल टाकून बघा, चालतो का ते कळवा. नाहीतर लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत ड्रायव्हर काढून टाकू. अगं, आम्ही हजारो आहोत! असं उत्तर देतो की पुन्हा नाव काढणार नाही.

१२ जानेवारी
उत्तर गेलं. चार पानी. बायकोला वाचून दाखवलं. डोरीन म्हणाली, "छानच. पण तिनं सांगितलेलं करून पाहिलंस का?" हिला तत्त्व म्हणून काही कळत नाही.

१४ जानेवारी
ॲनिकाचं उत्तर: 'धन्यवाद. बदल चालला का?' चार पानांना चार शब्द! मी लिनक्सवर आलो तेव्हा ही पाळण्यात असेल, आणि माझी परीक्षा घेते! करणार नाही. म्हणजे करणार, पण तिनं सांगितलं म्हणून नाही. शनिवारी बघू.

२३ जानेवारी
शनिवार हुकला. गुडघा. शिवाय हजारांतलं कोणीतरी कळवेलच की.

१० फेब्रुवारी
ड्रायव्हर काढला. कारण दिलंय: उत्तर एकाच माणसाचं आलं, त्यानंही चालवून पाहिलं नाही. एकाच? बाकीचे कुठे मेले? असो. आपण नवी आवृत्ती घेणारच नाही. प्रश्न मिटला.

१४ मार्च, सकाळ
आज वार्षिक स्पर्धा. स्क्रीन काळाठिक्कर! नवी आवृत्ती आपोआप यावी अशी सोय कोणत्या गाढवानं केली? डोरीन म्हणते, "तूच. मोठ्या हौसेनं." इव्हेटला ठणकावून सांगितलं, दुपारपर्यंत चालू करतो.

१५ मार्च
नाही झाला चालू. इव्हेटनं माळ्यावरून आकड्यांच्या पाट्या काढून भिंतीवर टांगल्या. लोक म्हणाले, "वा, आता कसं लांबूनही दिसतं!" एकानंही मला शिव्या दिल्या नाहीत. फार लागलं ते. यापुढे मला कॉफीच्या मशीनवर नेमलंय. एकच बटण आहे. तेही डोरीन दाबते.