चुलीमागचं नळकांडं

लाप्पे, ९ नोव्हेंबर

प्रिय हेल्वी,

तुझं पत्र पोचलं. पाकीट कुणी उघडून परत चिकटवलेलं नाही ना, ते आधी उजेडात धरून बघितलं. इथली नवी पोस्टमनबाई मला फारशी सरळ वाटत नाही. तुझा गुडघा कसा आहे? इथं पारा उणे अठरावर गेलाय. काल पुल्लाचे गोड पाव भाजले, पण वेलदोडे जास्त पडले. आमच्या ओस्मोनं मुकाट्यानं खाल्ले.

आता तुझ्या लेकाबद्दल. रागावू नकोस, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

राइमोनं आमच्या घराच्या भिंतींना फोम मारून दिला. वास उतरेपर्यंत घरात यायचं नाही म्हणून आम्हाला दोन दिवस शेजारी सेल्माकडे धाडलं. आपल्या पाठीमागे घरात काय चाललंय, मला काय ठाऊक? मी सेल्माच्या खिडकीतून पाळत ठेवली. त्याच्या अंगात पांढरा झगा, तोंडाला मुखवटा, हातात ट्रकमधून आलेली जाडजूड गरम नळी. बाबांनी भिंतींत भरलेला लाकडाचा भुसा त्यानं सगळा उपसला आणि तिथं पिवळट फेस मारला. फुगलेल्या कणकेसारखा टम्म वर येतो गं तो, आणि घटकाभरात इतका कडक होतो की करवतीनं छाटावा लागतो.

घर उबदार झालं, खोटं कशाला बोलू? पण एवढी सगळी भोकं बुजवून झाल्यावर या पठ्ठ्यानं चुलीमागच्या भिंतीला स्वतःच मनगटाएवढं नवं भोक पाडलं आणि त्यात नळकांडं बसवलं! मी म्हटलं, "अरे, जन्मभर आम्ही फटींत चिंध्या कोंबत आलो आणि तू मुद्दाम वारा आत घेतोस?" तर हसतो मेला. "मावशी, घर आता झाकण लावलेल्या बरणीसारखं झालंय. लाकडाची चूल हवा खाते, तिला इथून हवा मिळेल. याला हात लावायचा नाही हं." बरं म्हटलं. त्याची पाठ फिरली तशी त्यात एक लोकरी मोजा कोंबून टाकला. मीच त्याला विणून दिलेला, लाल पट्ट्याचा. जोडीतला एक इथंच विसरला होता.

छतापाशी एक पांढरी डबीही लावून गेला. हवा विषारी झाली की ओरडते म्हणे. तिच्यावर सारखा हिरवा दिवा. मला विचारशील तर ती आमचं बोलणं ऐकते. परवा भरदुपारी उगाचच केकाटायला लागली, तेव्हा उचकटली आणि लाकडाच्या खोपीत नेऊन टाकली.

आठवडाभर माझं डोकं ठणकतंय. ओस्मो पत्ते खेळता खेळता पेंगतो. आमचा कुत्रा हाल्ली तर घरात थांबतच नाही, थंडीत पायरीवर बसून राहतो. कुत्र्याला कळतं. त्या फोममध्ये काहीतरी आहे. आणि राइमो मला काय म्हणाला माहितेय? "मावशी, कधी घर विकायचं झालं तर आधी मला सांग." का म्हणून? आम्ही आजारी पडून वृद्धाश्रमात जावं, हाच बेत नसेल कशावरून?

तू आई आहेस त्याची, तुला दिसणार नाही. मला दिसतं.

तुझी,
आउने


लाप्पे, २७ नोव्हेंबर

हेल्वी,

ओस्मोला इस्पितळात सहा दिवस झाले. वाचला. पण डावा हात उचलत नाही आणि बोलताना शब्द शोधत बसतो. फोनवर तुला नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

शनिवारी दुपारी मी अंगणातली सौनाची वाफखोली तापवायला गेले होते. तासाभरानं आले तर हाल्ली दारावर पंजे मारतोय आणि ओस्मो चुलीपुढच्या खुर्चीतून खाली पडलेला. अग्निशमनवाला पावो म्हणाला, चुलीला हवा मिळाली नाही, म्हणून विषारी वायू चिमणीतून जायच्या ऐवजी घरात भरला. त्यानं नळकांड्यात बॅटरी मारून बघितलं. ते उघडंच होतं, सगळ्यांनी पाहिलं. मग राइमोनं ते लहान बसवलं असणार, असं पावोच म्हणाला, मी नाही. डबी कुठाय, असंही विचारलं. भिंतीवर डबी नव्हती. त्यानं तसं लिहून घेतलं.

राइमो सगळ्यांसमोर म्हणत होता, "मावशी, मी लावली होती गं! तुझ्यासमोर लावली!" मी ओस्मोचे कपडे पिशवीत भरत राहिले.

त्याचं काम बंद केलंय. १६ डिसेंबरला नगरपालिकेत सुनावणी आहे, तिथं परवाना जाईल म्हणतात. चर्चच्या कॉफीला बायकांनी विचारलं, तेव्हा मी जे झालं ते सांगितलं, भिंतीवर डबी नव्हतीच म्हणून. लपवायचं काय त्यात?

तू अजून माझी पत्रं त्या पत्र्याच्या डब्यात साठवतेस का गं? जाळून टाकत जा. जुन्या कागदांना कसर लागते.

आउने


लाप्पे, १४ डिसेंबर

हेल्वी,

तू माझं पहिलं पत्र मला परत पाठवलंस. सोबत चिठ्ठी नाही, शिवी नाही. फक्त मोजा आणि डबी, या दोन ठिकाणी पेन्सिलीची रेघ.

आधी संताप झाला. म्हटलं, बघा, सख्खी बहीण पुरावे जमवते! मग कळलं की पुरावा तू नगरपालिकेला नाही, मला पाठवलायस. दोन दिवस ते पत्र टेबलावर होतं आणि मी त्याच्या बाजूनं जेवत होते. 

आता ऐक. त्या शनिवारी ओस्मोला मी ओढत पायरीबाहेर आणलं. सेल्माला हाका मारल्या, ती फोन करायला पळाली. आणि मी परत आत गेले. चूल विझवायला नाही गं. मी सरळ नळकांड्यापाशी गेले आणि मोजा ओढून काढला. त्याच्या एका टोकाला बर्फ धरला होता. तो एप्रनच्या खिशात घातला. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं, हेल्वी, पावो यायच्या आधी. माझा नवरा बर्फात पडला होता आणि मी मोजा लपवत होते.

मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला. पोस्टमनबाईवर, सेल्मावर, तुझ्यावरसुद्धा. एकदाही स्वतःवर घेतला नाही.

राइमो रोज इस्पितळात येतो, काकांना सूप भरवतो. मी असले की बाहेरच थांबतो. परवा मी दाराआड होते. ओस्मो त्याला अडखळत म्हणाला, "तुझ्या मावशीचं मनावर घेऊ नकोस." तर तुझा लेक काय म्हणाला ऐक. "काका, ती इतकं ठामपणे सांगते की आता मलाच शंका येते. मी खरंच डबी लावली होती का हो? बाकीच्या घरांत लावल्या असतील ना मी?" चौतीस वर्षांचा माणूस, आणि आवाज इतका बारीक. माझ्यानं तिथं उभं राहवेना.

आज सकाळी खोपीत गेले, लाकडांखालून डबी काढली. डबी, मोजा आणि तू पाठवलेलं पत्र, तिन्ही पावोच्या टेबलावर ठेवली. चष्मा लावून पत्र मीच त्याला वाचून दाखवलं, तुझ्या रेघांसकट. त्यानं मोजा उलटापालटा करून बघितला. मग म्हणाला, "सुनावणीत हे तुला सगळ्यांसमोर सांगावं लागेल. आणि राइमोला कोण सांगणार, तू की मी?"

मी म्हटलं, मी.

घरी येऊन त्याला फोन केला, चारला ये म्हणाले. तीन आठवड्यांत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यानं काय विचारलं माहितेय? "मावशी, चूल नीट जळतेय ना?"

पावणेचार झालेत. कॉफी टाकलीय. त्याला माझी बाजू समजावून सांगू नकोस, मला माफ कर असंही तू सांगू नकोस. ते त्याचं त्याला ठरवू दे. नळकांडं उघडं आहे, पायांना चांगला गार वारा लागतोय. त्याला हात लावणार नाही.

ट्रक वळणावर दिसतोय.

तुझ्या लेकाची गुन्हेगार,
आउने