पिवळं यंत्र, काळं यंत्र आणि दोधूचा बांध

कोरीट,
होळीला पंधरवडा उरला असताना

चि. भूपेंद्र यास,

तुझ्या बहिणीच्या घरातून, म्हणजे कागदोपत्री माझ्या घरातून, भरघोस आशीर्वाद. इकडे केळी, म्हैस आणि तुझी बहीण प्रमिलाबाई यांच्या तब्येती उत्तम आहेत; साखर तेवढी माझीच चढली आहे. तुझा गुडघा कसा आहे? नाशिकचे डॉक्टर ऑपरेशन सांगतील, लगेच हो म्हणू नकोस. आधी त्यात त्यांचा काय फायदा ते बघ. (हे फोनवर बोलता आलं असतं. पण मी फोन हातात घेतला की तुझी बहीण नेमकी माझ्या शेजारी भाजी निवडायला बसते, म्हणून पत्र.)

तू पाठवलेली दोन्ही जीपीएस यंत्रं पोचली. ‘दोन्ही वापरून बघा, एक ठेवा, एक परत करा,’ असं तू लिहिलंस. दाजीला आपणहून काही देणारा शालक मी अजून पाहिलेला नाही, त्यामुळे सुरुवातीला मी खोकीच उघडली नाहीत. पण नाइलाज होता. दोधू तुला आठवतो ना? माझ्या शेताला लागून ज्याचं शेत आहे तो. माझ्या लग्नात तू कान पिळलास तेव्हा ‘हळू रे, एकच नवरदेव शे,’ असं तुझ्यावर ओरडला होता तो. आम्ही दोघं दरवर्षी सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जीपने जातो. यंदा डॉक्टरांनी दोघांनाही हातपाय हलवायला सांगितलं, म्हणून ठरलं की खापर गावापर्यंत सायकली टेम्पोत, तिथून पुढे सायकलवर, आणि शेवटची डोंगरातली वाट पायी. वर मोबाईलला रेंज नाही. तुझ्या बहिणीने अट घातली, ‘वाट दखाडनारं यंत्र ल्या, नहीं ते घर बसा.’

आता यंत्रांविषयी. काळं यंत्र बोटाने सरकवायचं. नकाशा मोठा, पण उन्हात त्यात माझंच तोंड दिसतं, आणि बोटाला घाम असला तर ते मला थेट गुजरातेत नेऊन सोडतं. पिवळं बटणांचं, साध्या सेलवर चालणारं. उन्हात स्वच्छ दिसतं, पण त्यातल्या मूळ नकाशात एक मोठा रस्ता, एक तापी, बाकी सगळं कोरं. मग तुझ्या चिठ्ठीप्रमाणे तू भरलेला बारीक नकाशा उघडला. त्यात डोंगराकडे तपकिरी रेघाच रेघा. काचेला तडे गेले असं समजून मी त्या बराच वेळ धोतराने पुसल्या. (रेघा जितक्या दाटीने, तितका चढ उभा, हे चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायची काय गरज होती?) पण खरा हादरा पुढेच होता. त्या नकाशात माझ्या शेतातली गाडवाट होती! मी ती तलाठ्यालासुद्धा कधी सांगितलेली नाही, मग नकाशावाल्यांना कोणी सांगितली? दोधूची विहीरही त्यात होती. माझी नव्हती. याचा अर्थ काय तो तूच लाव.

तेव्हा असं यंत्र खरं बोलतं की नाही, हे तपासणं भागच होतं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात, म्हणून मी माझ्या आणि दोधूच्या शेतांमधल्या बांधावर गेलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाललो, तसाच परत आलो, यंत्राने रेघ बरोबर काढली का ते बघत. गावातल्या वाहरूने मला पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत मी मोजणी आणली अशी गावभर बातमी झाली. आमच्याकडे मोजणी म्हणजे काय ते तू जाणतोस. एकदा खुंट्या ठोकल्या की दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मयताला गेलीच तर लांब उभी राहतात.

दोधू अंगणात आला. बसला नाही. ‘हेमकांत, तू मोजणी करी ऱ्हायना? मन्हा बांधवर?’ मी म्हटलं, अरे, चालतोय फक्त. तो म्हणाला, ‘डोकं खाले घालीसन कोन चालस?’ आणि चहा न घेता निघून गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला की काठीला तो एकटाच जीपने जाणार. भूपेंद्र, तू हसशील, पण मला फार वाईट वाटलं. रात्रभर ढोल चालतो, पहाटे होळी पेटते, आणि दरवर्षी त्या वेळी हा माणूस आपल्या शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकतो. एवढ्या वर्षांच्या मित्राने माझ्यासारख्या सरळ माणसावर असा संशय घ्यावा!

शेवटी मीच काळं यंत्र घेऊन त्याच्या घरी गेलो. म्हटलं, हे तुझ्याकडे ठेव, काठीची वाट तूच दाखव, मी मागून येतो. त्याने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, बॅटरीच्या झाकणाखाली मी काही लपवलंय का तेही पाहिलं. मग आत वळून म्हणाला, ‘दोन चहा कर वं, साखर टाकीसन.’ डॉक्टरांना सांगू नकोस. आम्ही बरोबर जातोय. म्हणून निवड अशी झाली आहे, की पिवळं मला, काळं दोधूला, परत काहीच नाही. तुझं मन मोठं आहे असं तुझी बहीण सांगते. मी अद्याप खात्री केलेली नाही.

तुझा,
हेमकांतदाजी

ता. क. पिवळ्या यंत्रात ‘क्षेत्रफळ’ असं काहीतरी सापडलं. शेताभोवती चक्कर मारली की एकर-गुंठे निघतात म्हणे. ते नक्की कुठल्या बटणाने? निव्वळ कुतूहल. कडुनिंबापाशी बांध थोडा माझ्या बाजूला वाकल्यासारखा दिसतो, पण तो विषय वेगळा. उत्तर बंद पाकिटात पाठव, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. त्यात तुझ्या बहिणीने दोधूची सूनही घेतली आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात तुझी बहीण सांगून गेली की दोधू सकाळपासून काळं यंत्र घेऊन कडुनिंबाभोवती घुटमळतोय. तिने विचारलं तर म्हणाला, ‘फिरी ऱ्हायनू, वहिनी.’ काळ्या यंत्रातही क्षेत्रफळ निघतं का? निघत असेल, तर बिघाड आहे म्हणून ते ताबडतोब त्याच्याकडून परत मागव. माझं नाव मात्र घेऊ नकोस. आम्हाला काठीला बरोबर जायचं आहे.