पालेगावच्या ओढ्यातील त्रेचाळीस बरण्यांबाबत

दिनांक : १० मार्च २०२५

प्रति,
मा. सर्वेक्षण अधिकारी,
ओढे व जलस्रोत नोंद कक्ष,
अंबरनाथ.

विषय : पालेगावच्या ओढ्याची नोंद ‘सांडपाण्याचा नाला’ अशी न करण्याबाबत, तसेच अर्जदाराचा जबाब घेण्याबाबत.

संदर्भ : पुराव्याअभावी अर्जदाराची हरकत फेटाळल्याचे आपले दि. ४ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

अर्जदार प्रमोद भगवान ओव्हाळ, राहणार मोरिवली, हा उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होता. हरकतीसोबत पुरावा नव्हता, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पुरावा होता. तो अर्जदाराने स्वतःच्या हाताने नष्ट केला. मागच्या अर्जात हे लिहिण्याची त्याची हिंमत झाली नाही.

प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका नूतन कारखानीस यांनी विभागात लहानसे निसर्ग संग्रहालय उभे केले होते. पाऊस ओसरला की मॅडम पदर खोचून पालेगावच्या ओढ्यात उतरत, मागे अर्जदार जाळी व बादली घेऊन. मरळ, वाम, मुरी, शिंगटी, खेकडे. प्रत्येकाची वेगळी बरणी, वर तारीख व ठिकाण. अशा त्रेचाळीस बरण्या झाल्या. मेलेले मासे जपून काय उपयोग, असे अर्जदाराने एकदा विचारले. मॅडम म्हणाल्या, “पूर्वी अशी संग्रहालयं साहेबलोकांच्या हौसेची असायची, प्रमोद. मारलेलं मिरवायचं. पण परदेशात ससाण्यांची अंडी घरट्यातच फुटायला लागली, तेव्हा जुन्या कपाटांतली अंडी काढून ताडून पाहिली. फवारणीच्या औषधानं कवचं पातळ झाल्याचं तिथं कळलं. पुढे त्या औषधावर बंदी आली. आपल्या ओढ्यावर वेळ आली, तर दाखवायला हे असू दे.”

मॅडम निवृत्त झाल्या. २०२२ मध्ये ती खोली संगणक कक्षाला हवी झाली. “ओव्हाळ, दोन दिवसांत रूम खाली करा, वास मारतोय,” एवढाच वरून तोंडी हुकूम आला. अर्जदाराच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. मॅडमना एक फोन करता आला असता. त्याने केला नाही. बरण्या बेसिनमध्ये ओतल्या, मासे पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत दिले. काच उल्हासनगर कॅम्प दोनच्या भंगारवाल्याने नेली. नोंदवही रद्दीत गेली.

मॅडम बदलापूरला अंथरुणाला खिळून होत्या. अर्जदार भेटायला गेला की विचारत, “बरण्या बऱ्या आहेत ना?” अर्जदार म्हणे, “हो मॅडम.” असे अडीच वर्षे चालले. मग आपले पत्र आले. ते वाचून मॅडम चक्क हसल्या. “पुरावा मागतात? मग बरण्या घेऊन जा ना.” तेव्हा सांगावे लागले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, “वही घेऊन ये.” आठवून आठवून एकेका बरणीतल्या जिवाचे शास्त्रीय नाव सांगू लागल्या. कधी दिवसात तीन, कधी एकही नाही. एकोणीस नावे झाली. दि. २३ फेब्रुवारी रोजी मॅडम गेल्या. उरलेली चोवीस अर्जदाराला येत नाहीत. त्याने मासे धरले, पण त्यांची शास्त्रीय नावे कधी पाठ केली नाहीत.

सबब विनंती की, अर्जदाराचा जबाब शपथेवर घ्यावा. चौकशी लागल्यास पहिले नाव त्याचेच लिहावे. यादी पुरावा म्हणून चालत नसेल, तरी निदान आपल्या अहवालाच्या सातव्या रकान्यातील ‘येथे जलचर नव्हते’ हे वाक्य खोडावे. नाला म्हणून नोंद होऊन ओढा बुजणार असेल तर बुजो. अर्जदार त्यास आता अडवू शकत नाही. पण तिथे ‘होते’ असे लिहावे.

आपला नम्र, आणि या प्रकरणातील दोषी,
(सही)
प्रमोद भगवान ओव्हाळ

सोबत : एकोणीस नावांची यादी. शेवटच्या पानावर विसावा आकडा घातलेला आहे. पुढे मजकूर नाही.