त्याला की तिला

दादा,

काल बाबा हॉस्पिटलमधल्या नर्सला फिनिशमध्ये सारखं सांगत होते, बोलावून घ्या म्हणून. फिनिशमध्ये 'त्याला' आणि 'तिला' एकच शब्द. नर्सला वाटलं, मलाच बोलावताहेत. मी बेकरीतून एप्रनसकट धावले.

मला बघून बाबा हसले, पण नजर दाराकडेच. आपल्या घरच्या कुर्दिशमध्ये हे दोन शब्द वेगळे, म्हणून मी कुर्दिशमध्ये विचारलं, "कोणाला बोलावू?"

"त्याला," बाबा म्हणाले. तुमच्या भांडणानंतर ते तुझं नाव घेतच नाहीत.

खोटं कशाला सांगू, मनाला लागलं. रोज भरवते मी, आणि वाट तुझी! पण त्यांचे डोळे भरले होते रे.

पत्र कधी पोचणार? फोनच लावते. उचल हं.

तुझी धाकटी