पानमळ्याचा विटाळ

घोडेगाव,
ता. ८ सप्टेंबर १९७१

चि. गोरक्षास सहादेवचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खानावळीच्या आमटीत डाळ शोधावी लागते म्हणतोस, तर शोध. शेतकी कॉलेजात शोध लावायलाच तुला घातलंय.

इकडची बातमी बरी नाही. आपला पानमळा बसला. मागच्या पंधरवड्यात मी बुरशीसाठी पंपानं मोरचुदाची फवारणी केली आणि आठ दिवसांत पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले. असा रोग आप्पांनी जन्मात पाहिला नव्हता. आई म्हणते, हा विटाळ. तुझी वहिनी त्या दिवसांत बाजूला बसली होती आणि मळ्याच्या दाराशी तिची पावलं दिसली म्हणे. आपण तिथं चपलासुद्धा बाहेर काढतो, तुला ठाऊकच आहे.

केशरनं देवाची शपथ घेतली की ती आत गेली नव्हती. पण आप्पांनी तिला खर्ड्याला माहेरी धाडायला सांगितलं. परवा मीच एस.टी.त बसवून दिली. आता आई दुसरी सोयरीक बघू म्हणते आणि मी गप्प आहे.

तब्येतीस जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सहादेव


पुणे,
ता. १३ सप्टेंबर १९७१

ती. दादास गोरक्षचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. वहिनींचा काडीचा दोष नाही. दोष माझा आहे.

सुट्टीत मी बाजरीतलं तण मारायला औषध आणलं होतं, ते त्याच पंपातून फवारलं. नंतर पंप सोड्यानं धुवायला हवा होता. मी विहिरीच्या पाण्यानं खंगाळला आणि खुंटीला टांगला. कंटाळा केला, दुसरं काही नाही.

हे औषध म्हणजे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. संप्रेरक हा निरोप असतो. आमचे सर म्हणतात, पेशीत तो झेलणारं एखादं प्रथिन असावं. ते पुढच्या प्रथिनाला कळवतं, आणि असं करत वाढीचा हुकूम सुटतो. ते प्रथिन अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. स्वतःचा निरोप झाड काम झाल्यावर मोडून टाकतं, या औषधाचा त्याला मोडता येत नाही. मग वेल वेडीवाकडी वाढत सुटते आणि मरते. बाजरीला ते बाधत नाही, पानवेलीला पंपात उरलेला अंशही पुरतो.

हे सगळं आप्पांना आणि आईला वाचून दाखव आणि वहिनींना आणायला लगेच जा. मला हवं ते बोला, फक्त मला तोडू नका.

तुझा,
गोरक्ष


घोडेगाव,
ता. २५ सप्टेंबर १९७१

चि. गोरक्षास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचून दाखवलं. प्रथिनाचं कुणाला कळलं नाही, पंपाचं कळलं. आप्पांनी त्याच पंपात साधं पाणी भरून कुंपणावरच्या घेवड्यावर मारलं. चार दिवसांत घेवडा पिळवटला. आप्पा म्हणाले, सुनेला घेऊन ये.

काल खर्ड्याला गेलो. केशर फार वाळली आहे. तिनं तुझं पत्र शेवटपर्यंत ऐकलं, मला जेवू घातलं, आणि मग म्हणाली, "भाऊजींचा कागद आला, घेवडा वाळला, तवा तुमचा इस्वास बसला. मी देवाची शपथ घेतली तवा तुमी माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाई. आता मी येत न्हाई."

एकटाच परत आलो.

आई ओट्यावर वाट बघत बसली होती. दिवाळीनंतर येते म्हणाली, असं मी सांगून टाकलं. तुला विचारलं तर तूही तसंच लिही.

मी लायक नसलो तरी लोभ ठेव.

तुझा,
सहादेव