सहीचा पगार

५ फेब्रुवारी
पहिला हप्ता गेला. सकाळी पगार आला आणि मी डबा भरेपर्यंत बँकेनं सात हजार नऊशे ओढूनही घेतले. चौदा हजारांतले! सात वर्षं असंच. शिकले दोन वर्षं, फेडायचं सात वर्षं. प्रवेशाच्या दिवशी हा हिशोब कोणी दाखवला नाही. कॉलेजनं पडद्यावर तेल कंपन्यांचे पगार दाखवले होते. समुद्रातल्या तेलविहिरी! जिऑलॉजीत एमएस्सी करून मी हथखोजच्या कारखान्यांच्या वस्तीत, पत्र्याच्या लॅबमध्ये लोहखनिज कुटते.

भाऊ धनंजय आयटीआय करून वेल्डिंगला लागला. अठरा हजार, कर्ज काही नाही. म्हणे, "ताई, तू दगड शिकली, मी लोखंड. भाव पाह्य ना!" हसले. मग जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी
लोखंडाचा कारखाना व्यापाऱ्यांना खनिजाचे पैसे देतो ते त्यातल्या लोखंडाच्या टक्क्यावर. टक्का आमची लॅब सांगते. खाली माझी सही – नमुना मी स्वतः घेतला, याची. म्हणजे ढिगाच्या सगळ्या बाजूंनी उपसायचं, कालवायचं, भाकरीसारखं पसरायचं, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेलं पुन्हा कालवायचं. मूठभर उरेपर्यंत. कंबर मोडते. पण ती मूठ खोटं बोलत नाही.

आज एका बड्या व्यापाऱ्याचा माणूस पिशवी घेऊन आला. निवडून आणलेले जड, निळसर दगडाचे डल्ले. "मॅडम, इसी का टेस्ट कर दीजिए." मी ऐकलं नाही. ढिगावर गेले, माझा नमुना काढला. अठ्ठावन्न टक्के. पिशवीतला माल चौसष्ट!

लॅबचे मालक हेमराजशेठ चौसष्टचाच अहवाल घेऊन समोर उभे. "बेटा, तनख्वाह साइन की मिलती है, फावड़े की नहीं."

नाही केली सही.

१० फेब्रुवारी
आजही नाही केली.

१२ फेब्रुवारी
शेठनं बाबांना फोन केला! मी काय शाळेतली पोर आहे?

बाबा रेल्वेत ट्रॅकमन, पुढच्या वर्षी रिटायर. कर्जाच्या कागदावर माझ्याखाली त्यांचीही सही आहे. ड्यूटीवरून आले ते बूट न काढताच बसले. "कावून अडून राहिली बाई? तुह्या एका सहीनं कोण मरते?"

मी विचारलं, तुम्ही रूळ न पाहता सही करता का?

"रुळावरून माणसं जातात. तुह्या दगडावरून कोण जाते?"

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "घरात पहिली तूच ग्रॅज्युएट झाली. आमाले वाटलं, साहेबीण होशीन. तू त भांडखोर झाली."

मग शिकवलं कशाला? हे बोलले नाही. इथं लिहिते.

१५ फेब्रुवारी
चंदाकडे गेले. आमच्या वर्गात पहिली आलेली चंदा! ड्रिलिंग कंपनीनं तिला परत पाठवलं – कॅम्पमध्ये लेडीजची सोय नाही. आता पद्मनाभपुरातल्या एका शाळेत सहावीच्या पोरांना भूगोल शिकवते. नऊ हजार. हप्ता तिचे वडील भरतात. म्हणाली, "साइन कर और सो जा, यार."

आपण काय विकत घेतलं, ते आज कळलं. साडेचार लाखांचं कर्ज काढून सहीचं पेन!

१९ फेब्रुवारी
शेठनं नवीन काढलं. सही केली तर पगार पाच हजार वाढवतो, कर्ज लवकर साफ. मी घरी येऊन हिशोब केला. सातच्या जागी चार वर्षं. हिशोब केला म्हणून स्वतःचाच राग आला.

२० फेब्रुवारी
अर्धी सुट्टी टाकून थेट त्या कारखान्यात गेले. खरेदीचे साहेब शामराव, आपल्या नागपूरकडचे. त्यांच्यापुढे दोन्ही आकडे ठेवले. अठ्ठावन्न आणि चौसष्ट. वाटलं, दचकतील. ते हसले!

"आमी येड्यावानी खरेदी करून राहिलो काय बेटा? लॅबनं चौसष्ट लिहिलं का आमी एकसष्टचे पैसे देतो. तीन टक्के कापतोच. सगळ्यांचे."

"आणि ज्याचा आकडा खरा असेल त्याचे?"

"त्याचेबी तीन. खरा कोणाचा, आमाले कोण सांगन?"

"मी सांगते ना!"

"तू? तू त लॅबची." आणि चहा पुढे सरकवला.

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे! खोटं लिहिणारा तरून जातो. बुडतो तो खरं लिहिणारा. चहा तसाच ठेवून उठले.

२४ फेब्रुवारी
फकिरा नावाचा माणूस आला. एकच ट्रक, तोही जुना. पिशवी नाही, शिफारस नाही. "ढेर पे चलो मॅडम, जहाँ से चाहो निकालो." नमुना मी काढला. खात्रीसाठी दोनदा. एकसष्ट.

एकसष्ट लिहिलं असतं तर त्याला अठ्ठावन्नचे पैसे मिळाले असते.

चौसष्ट लिहिलं. सही केली.

शेठ दारातून पाहत होते. म्हणाले, "शाबास. इसी महीने से पाँच हज़ार."

मी नको म्हटलं नाही.