सायकलवरचा पंखा

१४ मार्च, शुक्रवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तू, भावोजी आणि बाबा ठीक असाल अशी आशा. चार महिने आपण बोललो नाही, त्यामुळे पाकीट फोडण्याआधी तू पत्ता दोनदा वाचशील. बरोबर आहे, मीच लिहितोय.

तर बातमी अशी, की मी सायकलवर पवनचक्की बसवलीय. हसू नकोस! दिवसभर पाण्याची मीटरं वाचत हिंडायचं, प्रत्येकाचा फोटो काढून ऑफिसला पाठवायचा, त्यात दुपारपर्यंत फोन मान टाकतो. म्हटलं, एवढा वारा तोंडावर आदळतोय, त्याला कामाला लावू. भंगारातल्या प्रिंटरची मोटर, प्लॅस्टिकच्या पाइपातून कापलेली तीन पाती, मागे कॅरिअरवर छोटी बॅटरी आणि तिच्यातून फोनला वायर. बस्स.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. घरी येऊन सायकल आत घेतली, दारं-खिडक्या बंद, आणि पंखा गरगर फिरतोय! मी बायकोला ओरडून बोलावलं. म्हटलं, वाऱ्याशिवाय चालतोय, आता आपलं नाव होणार. तिने वायरीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "अहो, बॅटरीच फिरवतेय त्याला." दिवसभर जमवलेली वीज पठ्ठ्याने घरात बसून उधळली. मग दुकानदाराने डायोड नावाची टिचभर वस्तू दिली. तिच्यातून वीज पुढे जाते, मागे येत नाही.

दुसरं कोडं तर भारीच. पाठीमागून वारा असला की मी सुसाट आणि पंखा ढिम्म! समोरून आला की माझा जीव जातो आणि पंखा खूष. दोन दिवस डोकं खाजवलं, तेव्हा कुठे उजेड पडला. वारा माझ्याच वेगाने माझ्यासोबत चालला, तर पात्यांना तो लागणार कुठून? आणि वारा नसताना पंखा फिरतो, ती तर माझ्याच पायांची मेहनत. म्हणून आता मीटर वाचायला उतरलो की सायकल वाऱ्याकडे तोंड करून उभी करतो. लोक विचारतात, मीही समजावत बसतो.

काल घरी आलो तेव्हा फोनमध्ये चौऱ्याहत्तर टक्के चार्जिंग होतं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "त्या दिवशी हे असतं, तर ताईंचा फोन लागला असता हो."

मी पात्यांचा स्क्रू घट्ट करत बसलो. तो घट्टच होता.

ताई, त्या दिवशी चार्जिंग संपलं नव्हतं. एका जिन्याखाली मीटर वाचत होतो, फोन वाजला, तुझं नाव दिसलं. वाटलं, तू पुन्हा म्हणणार, मी थकले, आता बाबांना तू ने. मला ते ऐकायचं नव्हतं. मी फोन बंद केला. बाबा न्हाणीघरात पडलेत हे मला माहीत नव्हतं, पण ते काही कारण नव्हे. संध्याकाळी फोन चालू केला आणि तुझे निरोप एकामागून एक येत राहिले. शेजारणीला हाक मारून तू बाबांना खुर्चीत घातलंस आणि दोघींनी तीन मजले उतरवलंत. आणि मी तुला फोन करून म्हणालो, "चार्जिंग संपलं होतं गं." तू विश्वास ठेवलास. एवढंच म्हणालीस, "तुझा फोन कधी लागतच नाही. आता मी लावणार नाही."

मला लाज वाटते. बाबा तेव्हापासून अंथरुणावर आहेत आणि मी पाती कापत होतो.

रविवारी गाडी घेऊन येतोय, बाबांना न्यायला. पुढची खोली रिकामी केलीय, दारापासून पलंगापर्यंत एकही पायरी नाही. इथवरचं पत्र बायकोला वाचून दाखवलं, तिलाही खरं आत्ताच कळलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही, पण गादी तिनेच घातली. बाबांना खरं सांगायचं का, ते तू ठरव. पाठवायचं नाही म्हणालीस तरी मी येईन आणि तू दार उघडेपर्यंत जिन्यात बसेन.

तुझं नाव बघून फोन बंद करणारा,
तुझाच धाकटा